पातं फिरतं, तार झिजते

आज मी बोलतोय वलगावहून, घराच्या ओट्यावरून. मधूनच एखादी एसटी गेली तर आवाज येईल, परतवाड्याचा रस्ता जवळच आहे, तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या भागानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: स्पिनर किती दिवस टिकतो? स्वस्तातला घ्यावा की महागातला? नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, स्पिनर म्हणजे तारेवर गरगर फिरणारं चकाकतं पातं लावलेलं नकली आमिष. पाण्यातून ओढलं की पातं फिरतं, चमकतं, थरथरतं. माशाला वाटतं काहीतरी जिवंत पळतंय, आणि तो झडप घालतो.

उत्तर द्यायच्या आधी मला माझी एक चूक सांगायची आहे. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

गेल्या वर्षी कोजागिरी झाल्यावरची गोष्ट. पेढीच्या एका डोहावर सकाळी मरळ लागली. मोठी होती. मरळ माहीत असेलच, अंगावर पट्टे, तोंडात दात, आणि श्वास घ्यायला पाण्यावर येणारा मासा. दोन मिनिटं ओढाताण झाली आणि दोरी एकदम सैल. ओढून पाहिली तर दोरी शाबूत, गाठ शाबूत, पुढची कडीसुद्धा शाबूत. स्पिनर तेवढा गायब. म्हणजे मासा अख्खा स्पिनर तोंडात घेऊन गेला होता.

मला वाईट वाटलं ते नव्वद रुपयांचं. खरं सांगतो, तेव्हा तेवढंच.

चौथ्या दिवशी नदीवर जाळं टाकणारे आमच्या ओळखीचे भोई काका घरी आले. खिशातून रुमाल काढला, त्यात माझा स्पिनर.

"तुहाच हाये ना हा?"

म्हटलं, "हो काका. कुठं सापडला?"

"मरळीच्या जबड्यात. जाळ्यात आली तवा तोंड मिटत नव्हतं तिचं. गाडगेबाबाच्या नदीवर असं करते का रे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला आमच्या वलगावजवळ, पेढीच्या काठी देह ठेवला. इथल्या जुन्या माणसांसाठी ही नदी म्हणजे नुसतं पाणी नाही. काका रागावले नव्हते. बोलले, चहा प्यायले, गेले. मला मात्र तो चहा गोड लागला नाही.

मग मी तो स्पिनर नीट पाहिला. तार वरच्या वळशात तुटली होती, म्हणजे जिथं दोरी अडकवतो ना, तिथं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम केला. तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग काळपट आणि अर्धा लख्ख. याचा अर्थ काय? काळपट भाग आधीच चिरलेला होता. तिथं पाणी शिरून गंज धरला होता. लख्ख भाग त्या दिवशी तुटला. म्हणजे तार मरळीनं तोडलीच नाही, तिनं फक्त उरलेलं काम पूर्ण केलं.

आणि ती चीर पाडली कोणी? मीच. प्रत्येक वेळी स्पिनर दगडात अडकला की तार वाकायची, आणि मी बोटांनी सरळ करायचो. तीनदा तरी केली असेल. घरी बाइंडिंग तार तोडायला पक्कड नसली तर आपण काय करतो? इकडून तिकडे, इकडून तिकडे वाकवतो, आणि ती तुटते. तेच मी करत होतो, फक्त हळूहळू.

दिवाळीत माझा आत्तेभाऊ घरी आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथं मस्की नावाचा मासा आहे, पूर्ण नाव मस्कीलंज. लांबलचक, दातांनी भरलेलं तोंड. 1955 पासून तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. दादानं बॅगेतून त्याचा मस्कीचा स्पिनर काढला. बापरे! दोन गोल पाती, एकेक माझ्या तळहाताला झाकेल एवढं. तार दीड मिलीमीटरच्या आसपास. माझी जेमतेम त्याच्या निम्मी. आता गंमत बघा: तारेची जाडी दुप्पट केली तर ओढ सोसायची ताकद दुप्पट नाही, चौपट होते.

पण त्याचाही स्पिनर मेलेला होता.

मी विचारलं, "दादा, एवढी जाड तार, हिला काय झालं?"

तो म्हणाला, "अबे, तू फेकतं अन् ओढतं. आम्ही ट्रोलिंग करतो. बोट चालूच, मागं स्पिनर दिवसभर पाण्यात."

इथं जरा हिशेब करू. ट्रोलिंगमध्ये बोट ताशी साडेसहा किलोमीटरनं चालली आणि स्पिनर सहा तास पाण्यात राहिला, तर तो 39 किलोमीटर ओढला जातो. म्हणजे जवळपास वलगाव ते परतवाडा! आपण काठावरून फेकतो तेव्हा एका फेकीत वीस मीटर धरा. शंभर फेकींचे झाले दोन किलोमीटर. म्हणजे दादाचा एक दिवस म्हणजे माझ्या वीस सकाळी. त्याच्याकडं जे एका मोसमात झिजतं, ते माझ्याकडं झिजायला काही वर्षं लागतील. पण झिजण्याची जागा तीच.

ती जागा कोणती? पातं सरळ तारेवर बसत नाही. मधे एक छोटी कडी असते, घोड्याच्या नालेसारखी. तिला क्लेव्हिस म्हणतात. पातं त्या कडीत लोंबतं आणि कडी तारेभोवती फिरते. सगळी घासाघीस इथंच. विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षं दोर घासून दगडात खाच पडते ना, अगदी तशीच खाच तारेवर पडते. चपट्या पत्र्याची कडी असेल तर तिच्या भोकाची धार करवतीसारखी चालते. पात्याचं भोकही लांबट होत जातं. दादाच्या तारेवर नख फिरवलं, तर नख अडकलं. एवढी खोल खाच.

आणि पात्याचा आकार जितका गोल आणि मोठा, तितका ताण जास्त. गोल पात्याला कोलोरॅडो म्हणतात. ते तारेपासून लांब पसरून फिरतं, पाणी जास्त अडवतं, थरथर जोरात देतं. लांबट पानासारखं पातं म्हणजे विलो. ते तारेला चिकटून, भरभर आणि हलकं फिरतं. गढूळ पाण्यात कोलोरॅडो कामाचं, पण त्याची किंमत तार चुकवते.

आता गंमत अशी की आपण सगळे बघतो पात्याचा रंग. रंगाचे टवके गेले की म्हणतो, स्पिनर जुना झाला. माझ्या अनुभवात टवके गेलेलं पातं छान मासे देतं. झालर झडली तर नवी बांधता येते. गळ बोथट झाला तर बदलता येतो. मधली तार मात्र गेली की स्पिनर गेला. आणि ती लांबून कधीच जुनी दिसत नाही.

मग काय करायचं? मी आता पाच गोष्टी करतो.

एक. नदीवर जायच्या आधी तारेवरून नख फिरवतो. अडकलं तर तो स्पिनर घरीच राहतो.

दोन. वरच्या वळशाचा मोबाइलवर जवळून फोटो काढतो. काळी रेघ दिसली तर बाद. मागचा फोटो असतोच, शेजारी ठेवून बघतो.

तीन. तार एकदा वाकली तर फिरवून सरळ करत नाही. थोडीशी वाकली असेल तर फार तर एकदा, पकडीनं, हळूच. काटकोनात मोडली असेल तर पाती, मणी, कडी काढून घेतो आणि नव्या तारेवर बसवतो. तार स्वस्त असते हो! महाग असतं ते बाकीचं सामान.

चार. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुतो आणि पुसून सुकवतो, ओला डब्यात बंद करत नाही. दर्यापूर-भातकुलीकडच्या मित्रांनो, तुमच्यासाठी खास: खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं धुवू नका. पाणी सुकतं, मीठ तिथंच राहतं, आणि गंज वळशातच आधी धरतो. प्यायला येतं ते नळाचं पाणी अर्धा पेला पुरे.

पाच, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून चपटा करतो. मग इतकं सांभाळूनही तार तुटलीच, तर माशाला निदान तो गळ झटकून टाकायची संधी असते. कधीकधी यामुळं हाताला आलेला मासा सुटतो. सुटू दे.

आणि हो, धरणावर किंवा तलावावर जाणार असाल तर तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी आधी घ्या. पाण्यावर त्यांचं पोट आहे. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातल्या नद्यांवर तर गळ घेऊन जायचंच नाही.

तर मूळ प्रश्न, स्वस्त की महाग? माझं उत्तर असं: किंमत पाहू नका, तार पाहा, कडी पाहा. आणि स्पिनर किती टिकतो हे तुमच्या पैशासाठी पाहू नका. तो तुटला की आपलं नव्वद रुपयांत भागतं. ज्याच्या तोंडात तो राहतो, त्याचं भागत नाही.

तो तुटका स्पिनर मी टाकला नाही. गळ काढून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. दर वेळी डबा उघडला की आधी तोच दिसतो. परवा काका नदीवर भेटले. माझ्या हातातून स्पिनर घेतला, अंगठ्यानं गळ चाचपला, काटा दाबलेला लागला. काही बोलले नाहीत. परत दिला आणि म्हणाले, "त्या बाभळीखालच्या डोहात टाकून पाय."

एवढंच आज. आता उठा, तुमचा डबा उघडा, आणि एकेक तार नखानं तपासा. किती बाद झाले ते मला नक्की कळवा, लाजू नका, माझे सात झाले होते! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.