रोग्याचा हिशेब

अमेरिकेत दिवाळखोरीच्या अर्जात आजारपणाचा खर्च दोन ठिकाणी दाखवावा लागतो. इस्पितळाचे थकलेले बिल देण्यांच्या यादीत जाते. दरमहाची औषधे घरखर्चाच्या तक्त्यात. २००५ च्या कायद्याने राज्याच्या मध्यक उत्पन्नाहून अधिक मिळवणाऱ्यांना आणखी एक चाळणी लावली. तीत माणशी ठरावीक औषधोपचार-खर्च पावतीवाचून मान्य होतो; त्यावरचा, विम्याने न भरलेला खर्च मात्र कागदांनी सिद्ध करावा लागतो. म्हणजे निरोगी माणसाला सवलत आणि मधुमेह्याची झडती! धनकोंच्या सोयीचाच हा न्याय. तो बदलेपर्यंत अर्जदाराच्या साह्यकर्त्याने औषधांच्या दुकानातून वर्षभराच्या खरेदीचा छापील उतारा आधीच मागून घ्यावा. चुरगळलेल्या पावत्या जुळवण्याइतके त्राण रोग्याच्या घरात बहुधा उरलेले नसते.