नदीचे मूळ आणि नळाचे पाणी
(ज्ञातिसंस्थेच्या किल्लारी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. मुलांचे शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृहाचा निधी, गुणवंतांचा सत्कार. या सर्वांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु आज कार्यकारी मंडळाच्या अनुमतीने आम्ही एक निराळाच विषय आपल्यापुढे मांडणार आहोत, आणि तो ऐकताच काहींच्या मनात किळस उत्पन्न होईल हेही आम्हांस ठाऊक आहे. शहरातील सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा पिण्यासाठी वापरावे काय, हा तो विषय होय. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे आज लातूर, नांदेड, सोलापूर, पुणे येथे स्थायिक झाली आहेत, आणि येथे राहिलेल्यांची मुलेही उद्या तिकडेच जाणार आहेत. तेव्हा शहराचे पाणी हा आता आपल्या घरचाच प्रश्न झाला आहे.

सन २०१६ चा उन्हाळा कोणी विसरला नसेल. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या ठिकाणी दंगे होऊ नयेत म्हणून लातुरात मार्च महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली व तिच्यातून एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येई. कृष्णेचे पाणी सुमारे ३४० किलोमीटर चालून मांजरेच्या काठी आले, याबद्दल सर्वांनी समाधान मानले आणि ते योग्यच होते.

आता थोडा हिशेब करू. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे सरकारी मान आहे. या मानाने एक लाख वस्तीस १ कोटी ३५ लाख लिटर पाणी लागते. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी न्हाणीघर, मोरी व संडास यांवाटे गटारात जाते, असे जलअभियंते धरून चालतात. म्हणजे एक लाख वस्तीतून दररोज १ कोटी ८ लाख लिटर पाणी वाहून जाते. ५० वाघिणींच्या गाडीच्या हे चौपटीहून अधिक झाले. जे पाणी आपण आगगाडीने आणविले, त्याहून कितीतरी जास्त पाणी चांगल्या दिवसांत आपण नाल्यात सोडून देतो.

परंतु येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणजे पाण्याचा नवा झरा नव्हे. धरणच आटले तर नळ आटतो, आणि नळ आटला तर गटारही आटते. म्हणून ऐन दुष्काळात हा उपाय शोधणे व्यर्थ आहे. तो सुकाळात करावयाचा आहे. धरण भरलेले असताना तेच पाणी दोनदा वापरले, तर धरणातला साठा तितका अधिक काळ पुरेल. शेतकऱ्याच्या घरी पेव भरलेले असतानाच पुढच्या सालचा विचार होतो, तशीच ही गोष्ट आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. "मैल्याचे पाणी आम्ही प्यावे काय?" असा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला. आमचे उत्तर असे की, ते आपण आजही पीत आहोत. आपल्या पूर्वजांनी नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे सांगून ठेवले आहे. पण आज नदीचे मूळ विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून उजनीत येते, आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. नाशिकपासून खाली गोदाकाठी जी गावे व शहरे आहेत त्यांचे सांडपाणी गोदावरीत उतरते, आणि त्याच गोदावरीवर विष्णुपुरीच्या जलाशयातून नांदेड आपली तहान भागवते. आपली तेरणा औराद शहाजानीच्या परिसरात मांजरेस मिळते. तीच मांजरा पुढे तेलंगणात सिंगूरच्या जलाशयात जाते, आणि तेथील पाणी हैदराबादेस नेलेले आहे. म्हणजे वरच्याने टाकलेले खालच्याने प्यावे, हा व्यवहार चालूच आहे. फक्त तो कोणी उच्चारीत नाही.

गावातही निराळे नाही. संडासाच्या शोषखड्ड्यापासून थोड्याच अंतरावर घरचा बोअर असतो. काळ्या पाषाणाच्या भेगांतून खड्ड्याचे पाणी कोठे जाते हे आपण पाहत नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीची किळस येत नाही. लग्नकार्यात पाण्याचे जार मागविताना ते कोणत्या बोअरमधून भरले, हे आपण विचारतो काय? पाणी थंड आहे, जार निळा आहे, एवढ्यावर आपला विश्वास बसतो.

मग शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे काय होते? प्रथम गाळ खाली बसवितात. नंतर हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकरवी त्यातील घाण खावविली जाते. इतके पाणी शेतीस वा कारखान्यास चालू शकते. पिण्यासाठी त्यापुढे ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबाने गाळावे लागते, अतिनील किरणांखालून न्यावे लागते, आणि पुन्हापुन्हा तपासावे लागते. नामिबिया देशाच्या विंडहुक या राजधानीत १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी इतर पाण्यात मिसळून नळाने दिले जाते. सिंगापुरात २००३ पासून असे पाणी तयार होते. त्यातील मोठा भाग कारखान्यांस जातो व थोडा भाग जलाशयात मिसळला जातो. आपल्या नागपुरातही शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्रास दिलेले आहे. तेवढेच चांगले पाणी माणसांसाठी उरते.

बंधूंनो, किळस ही निसर्गाने दिलेली राखण आहे, तिची टवाळी आम्ही करणार नाही. परंतु या राखणीने आपल्या देशात किती अन्याय केला, हे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते "शुद्ध" केले. गुरे ज्या पाण्यात शिरत ते पाणी चालत होते, आणि माणसाच्या ओंजळीने ते बाटले. त्या पाण्यात कोणते जंतू आहेत, हे कोणीही पाहिले नव्हते. पाणी कोणी शिवले एवढेच पाहिले गेले. शुद्धता ही मोजावयाची वस्तू आहे, आठवावयाची नव्हे. ज्या समाजाने माणसाचे कूळ विचारून पाणी नाकारले, त्याने आता पाण्याचे कूळ विचारण्यापूर्वी आपल्या सवयीची परीक्षा करावी.

किल्लारीच्या भूमीवर आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असताना, भूकंपाने या परिसरातील सुमारे दहा हजार माणसे नेली. त्यांच्या स्मृतीस आम्ही वंदन करतो. त्यांतील बहुतेकांचा घात दगडमातीच्या रुंद भिंतींनी आणि त्यांवरील जड माळवदांनी केला. त्या भिंतींचा पिढ्यानपिढ्या आपणांस आधार वाटे. भीती आणि धोका या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा या गावाने फार मोठे मोल देऊन घेतला आहे. ज्याची सवय आहे ते सुरक्षितच असते असे नाही, आणि जे नवे आहे ते घातकच असते असेही नाही. काय टिकते आणि काय पडते, हे तपासूनच ठरवावे लागते.

तथापि, आक्षेप घेणारे सर्वस्वी चुकतात असे आम्ही म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातील टुवुम्बा या शहरात कडक अवर्षण असूनही जुलै २००६ मधील मतदानात सुमारे ६२ टक्के लोकांनी अशा पाण्यास नकार दिला. हे लोक अडाणी नव्हते. तपासणी चुकली तर काय, यंत्र बंद पडले तर कोण सांगणार, असे प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार होता आणि तो आपणांसही आहे. ज्या नळाला पाणी केव्हा येईल हे कोणी सांगत नाही, त्याच नळाचे पाणी निर्मळ आहे असे सांगणाऱ्यावर लोकांनी एकाएकी का विश्वास ठेवावा? विश्वास हुकमाने उत्पन्न होत नाही.

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो. शुद्ध केलेले सांडपाणी प्रथम कारखाने, बांधकामे, बागा व शेती यांस द्यावे, आणि तितके धरणाचे पाणी पिण्यासाठी राखावे. पाण्याच्या तपासणीचे निकाल मराठीत, प्रत्येक प्रभागात, फळ्यावर लावावेत. उद्या असे पाणी पिण्यास द्यावयाचे झाले, तर ते गरिबांच्या वस्तीस एक आणि बंगल्यांस दुसरे असे नसावे. सर्वांच्या जलाशयात मिसळून सर्वांनीच ते प्यावे. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसास संरक्षक साधनांवाचून गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. सांडपाण्यास आपण संपत्ती म्हणणार असू, तर ते वाहून नेणाऱ्या कामगाराचा जीव त्यासाठी जाता कामा नये. हे काम पिढीजात एका जातीच्या माथी मारले गेले, याची लाज इतर सर्व जातींच्या संस्थांनी वाटून घेतली पाहिजे.

आपल्या संस्थेपुरते बोलावयाचे तर, पुढील मेळाव्यापूर्वी आपले वसतिगृह, आपले मंगल कार्यालय व आपल्या घरचे बोअर यांचे पाणी तपासून घ्यावे आणि निकाल कसाही आला तरी तो पुढील स्मरणिकेत छापावा, अशी सूचना आम्ही नम्रपणे मांडतो. दुसऱ्याच्या पाण्याविषयी मत देण्यापूर्वी आपल्या हंड्यात काय आहे हे कळलेले बरे. सूचना मान्य व्हावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.