दहा जणींचे हात एका कामाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कामाच्या जागी माणसे कशी सांभाळावीत, यावर मला बोलावयास सांगितले आहे. मी सातवी शिकलेली. कचेरीत कधी काम केले नाही. पण आपल्या मंडळाच्या दिवाळी-फराळाचे काम गेली नऊ वर्षे करते आहे आणि चार वर्षे पाहते आहे. पंधरा-सोळा जणी असतात. साहेबाला कचेरीत जे करावे लागते ते बहुधा तेथेही करावे लागते. तेव्हा तेवढ्यापुरतेच बोलते.

लिज्जत पापड आपणां सर्वांना ठाऊक आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालची पद्मश्री मिळाली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलके स्वस्तात जात. त्यांना पैसे देणारे छगनलाल पारेख यांनी बजावले की, एकच प्रत करा आणि ती उत्तम करा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! कुणा बाईला बोल लावून पापड वाळला नसता.

आमच्याकडेही असेच होते. एक जण रोज अर्धा तास उशिरा येई. बाकीच्या कुरकुरू लागल्या. चौकशी केली तेव्हा कळले की, तिच्या चाळीत पाणी नेमके आमच्या वेळेला येते. तिला करंज्यांच्या दुसऱ्या पाळीत घातले, कुरकुर संपली. अशी चौकशी चारचौघींत करू नये, भांडी विसळताना दोघीच असताना करावी. चकली तुटली तर मोहन जास्त झाले की पीठ घट्ट झाले, ते पाहावे. "तुझ्या हाताला वळणच नाही" असे म्हटले की ती बाई दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि चकली तुटायची ती तुटतेच.

आता एक गोष्ट सांगते, ती मी आमच्या त्या वेळच्या प्रमुख बाईंकडून शिकले. एका वर्षी तुपाच्या डब्यात दीड किलो तूप कमी भरले. त्या वर्षी एक नवी बाई आली होती. नवऱ्याचे काम सुटलेले, दोन लहान मुले. कुणी तोंडाने काही म्हणाले नाही, पण सगळ्यांचे डोळे तिच्या पिशवीकडे गेले. तिलाही ते समजले. ती पदराने हात पुसत उभीच राहिली. बाईंनी पिशवीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "आधी वही आणा." सगळ्यांसमक्ष एकेका घाण्याचा हिशेब मोठ्याने वाचला. सकाळच्या शंकरपाळ्यांच्या तीन घाण्यांना मोहनासाठी घेतलेले तूप वहीत मांडलेलेच नव्हते. तूप जुळले. मग बाई त्या नवीला म्हणाल्या, "उद्यापासून तुपाची वही तू लिहायची." मला वाटते, नुसती समजूत घालून तिचे मन इतके मोकळे झाले नसते. अनारशांचे पीठ आजही तीच पाहते, आणि तिच्या अनारशांना मागणी किती आहे ते तुम्ही जाणताच.

पैशांचे मात्र उधार ठेवू नये. ज्या दिवसाचे काम, त्या दिवशी मजुरी, आणि कुणाला किती ते भिंतीवरच्या कागदावर सर्वांना दिसेल असे. लपवले की कुजबुज सुरू होते. कुणी फोन करून लाडवांची तारीफ केली तर ज्या बाईने पाक धरला तिच्या हातात फोन द्यावा. आणि कढया घासायची पाळी प्रमुखीणबाईंवरही यावी. आमच्याकडे माझी पाळी शुक्रवारची असते; कढई मोठी आहे, कंबर धरते, पण तेवढा वेळ बायका खऱ्या तक्रारी सांगतात, त्या एरवी सांगत नाहीत.

यंदाची भाजणी पुढल्या सोमवारी दळावयास द्यावयाची आहे. ज्यांना काम हवे त्यांनी नाव देताना आपल्या सोयीची वेळही लिहावी.