जाळी लावली, काढणार कोण?



१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्राने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढे २०१७ मध्ये तो ४ कोटींचा, २०१८ मध्ये १३ कोटींचा आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचा झाला. त्या उत्साहात खड्डे खणणारे हात पुष्कळ होते, छायाचित्रे काढणारेही कमी नव्हते. त्यातले जे रोप जगले, त्याचे वय आज सहा वर्षांहून अधिक आहे. त्याच्याभोवती प्लास्टिकची हिरवी जाळी बांधली गेली असेल, तर ती काढण्याचा दिवस कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

जाळी वाईट नाही. बडनेऱ्याच्या परिसरात शेळ्यांच्या तोंडून आणि वैशाखातल्या उन्हातून कोवळे रोप वाचवायचे, तर पहिली दोन-तीन वर्षे आडोसा हवाच. पण खोड जाड होत जाते आणि जाळी बांधणारी तार किंवा नायलॉनची दोरी तसूभरही सैल होत नाही. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. तार सालीत रुतली की तो मार्ग आवळला जातो. वरचा भाग फुगतो, खालचा बारीक राहतो, मुळे उपाशी पडतात. झाड वरून हिरवेगार दिसते आणि मृगाआधीच्या वादळात नेमके त्या आवळलेल्या जागी मोडते. लोक दोष वाऱ्याला देतात.

वाऱ्याचा तर उलट उपकार असतो. वाऱ्याने डोलणारे खोड बुंध्याशी जाड होत जाते. घट्ट नळीत वाढलेले खोड उंच होते, पण आधार काढताच वाकते.

झाडाभोवती लावायची प्लास्टिकची नळी इंग्लंडमध्ये १९७९ च्या सुमारास ग्रॅहॅम ट्यूली या वन अधिकाऱ्याने प्रचारात आणली. रोपे झपाट्याने वाढली, नळ्यांचा प्रसार झाला. काही दशकांनी तिथल्या जंगलांत ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे तुकडे विखुरलेले दिसू लागले आणि ते वेचण्यासाठी स्वयंसेवकांना हाका घालाव्या लागल्या. अखेर वुडलँड ट्रस्ट या तिथल्या मोठ्या संस्थेने २०२१ मध्ये प्लास्टिकचे संरक्षक वापरणे थांबवण्याचे जाहीर केले. आडोसा न करता काही रोपे गमावणे पर्यावरणाला तुलनेने स्वस्त पडते, असाही निष्कर्ष त्याच वर्षी तिथल्या अभ्यासकांनी काढला. तो इकडे जसाच्या तसा लागू करू नये. तिथे वऱ्हाडचे ऊन नाही आणि मोकाट चरणारी शेळीही नाही.

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्याकडे याचे उत्तर होते. धुऱ्यावरच्या रोपाभोवती तो बोरी-बाभळीच्या काट्या रचत असे. रोप शेळीच्या तोंडावर जाईपर्यंत उधई त्या काट्या फस्त करून टाकी. काढायला कोणी परत जावे लागत नसे. प्लास्टिकला उधई लागत नाही, म्हणून माणसाला परत जावे लागते. एवढा साधा हिशेब आहे, पण तो लावणीच्या दिवशी कोणी मांडत नाही.

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालेल्या गाडीतून टिमटाळा-मालखेडच्या बाजूला पोहरा-मालखेडचे रान दिसते. उन्हाळ्यात ते पानगळीने उघडे पडते आणि वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. अशा रानालगतच्या लागवडीत जुनी जाळी म्हणजे बुंध्याशीच ठेवलेले सरपण.

कामाची रीत अवघड नाही, घाई मात्र नको. खोड मनगटाएवढे झाले आणि शेंडा शेळीच्या आवाक्याबाहेर गेला, की जाळी उतरवावी. भर उन्हाळ्यात उतरवू नये, सावलीत वाढलेली साल होरपळते. पाऊस स्थिरावल्यावर उतरवणे बरे. जाळी ओढू नये, कात्रीने उभी कापावी. आधी काठीने हलवून पाहावे, आत सापही असू शकतो. तार सालीत पूर्ण रुतली असेल, तर कोरून काढू नये. दोन्ही बाजूंनी पकडीने तोडून आतला तुकडा तसाच ठेवावा, कोरण्याने जखम वाढते. वाकणाऱ्या झाडाला सुती पट्टीने, सैल गाठीने, एका हंगामापुरता बांबू द्यावा. उतरवलेले प्लास्टिक तिथेच पेटवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. धड जाळी पुढच्या खड्ड्याला आणि फाटकी भंगारात.

पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनी २०१८ पासून रस्त्यावरच्या झाडांतले जाहिरातींचे खिळे उपटण्याचे काम केले. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये झाडांवरचे खिळे आणि फलक काढण्याची मोहीम घेतली. ही कामे फारशी मिरवण्याजोगी नाहीत. पण ज्या गाडगेबाबांनी दिवसा खराट्याने गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले, त्यांचा देह १९५६ मध्ये इथून जवळच वलगावला ठेवला गेला. मागे उरलेले उचलणे या मातीला नवे नाही.

२०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. बडनेरा त्याच महापालिकेत आहे, तेव्हा या मानात तिचाही वाटा आहे. आता पुढच्या पावसाळ्यात लागवडीची नोंदवही उघडली जाईल. तीत रोपांच्या संख्येशेजारी आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्यात किती जाळ्या लावल्या ते, आणि दुसऱ्यात त्या कोणत्या वर्षी, कोणी उतरवायच्या त्याचे नाव.