बाईची निवृत्ती

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे निवृत्ती. "आपल्याला कुठली आली निवृत्ती? ते मास्तरचं काम, नाहीतर ग्रामसेवकाचं." खरं आहे. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरदारांना 58 वर्षं भरली की तारीख ठरलेली असते. शाल, नारळ, चार भाषणं, गळ्यात हार. आपल्याला तारीख नाही. आपली निवृत्ती गुपचूप येते. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला बसणाऱ्या बाईला एक दिवस ऐकावं लागतं, "आजी, तुमचं वजन कमी भरते, उद्या नका येऊ." निंदणाला निघालेल्या टोळीच्या गाडीत जागा होत नाही. घरात सून पोळ्यांची परात हातातून काढून घेते, तीही प्रेमानंच. झाली निवृत्ती.

म्हणून आजचं बोलणं सत्तरीच्या आजीसाठी कमी आणि चाळिशीच्या बाईसाठी जास्त आहे. गावोगावच्या बैठकांना आम्ही बसतो, तेव्हा एक दिसतं. म्हातारपण कोणाचं बरं जातं आणि कोणाचं रडत जातं, ते पैशानं थोडं ठरतं आणि चाळिशीत लागलेल्या सवयींनी पुष्कळ ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी सवय कोणती, तर "माझं काय, सारं पोरांचंच आहे" म्हणण्याची. ऐकायला किती गोड वाटतं! आणि म्हणता म्हणता आपण कागदावर सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो. काटोलकडच्या एका आजींनी मालक गेल्यावर महिन्याभरातच हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. कागद कोणी वाचून दाखवला नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता तीन मुलांकडे त्यांची पाळी लागली आहे, पंधरा दिवस इथं, पंधरा दिवस तिथं. पोटाला मिळतं, कोणी मारत नाही. पण लेकीकडे जायचं तर एसटीचे पैसे मागावे लागतात, आणि मागितले की "आता कशाला जाता?" हा प्रश्न येतो. आजी आम्हाला म्हणाल्या, "मले उपाशी नाही ठेवत बाई, पण विचारूनच जगा लागते."

बायांनो, हे नीट ऐका. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत बायकोला मुलाइतका, मुलीइतका वाटा आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. हक्कसोडपत्र म्हणजे तो वाटा स्वतःहून सोडणं. एकदा त्याची नोंदणी झाली की मागं फिरणं फार अवघड. दुसरा कागद बक्षीसपत्र. बक्षीसपत्र केलं की जमीन आजच दुसऱ्याची होते. मृत्युपत्र केलं तर आपण जिवंत आहोत तोवर जमीन आपलीच राहते, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पोरांना द्यायचंच आहे ना, मग मृत्युपत्रानं द्या. घाई कशाची?

आणि बक्षीसपत्र करायचंच झालं, तर "मला सांभाळशील या अटीवर देते" हे वाक्य त्यात लिहून घ्या. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे. अशी अट घालून दिलेली मालमत्ता घेऊन मुलगा सांभाळत नसेल, तर तो कागद रद्द करून मागता येतो. खावटीसाठीही अर्ज करता येतो. हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्यांना एसडीओ म्हणतो त्यांच्याकडे करायचा. वकील लावावा लागत नाही. पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा म्हटलं की छातीत धस्स होतं, ते आम्हाला कळतं. म्हणूनच आधीच अट लिहून ठेवावी. मग अर्जाची वेळ बहुतेक येतच नाही.

जमीन बाईच्या नावे करण्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. गावंच्या गावं पुढं आली आणि शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. मग 1992 साली सरकारनंही सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. आज किती घरांत ते नाव लागलं आहे? आम्ही बैठकीत हात वर करायला सांगतो, तेव्हा वीस बायांत दोन-तीन हात वर येतात, त्यातही एखादी विधवा असते. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात.

आता हातातल्या पैशाचं बोलू. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येतात, आनंद आहे. पण ती योजना 21 ते 65 वयाची आहे. पासष्टी भरली की हप्ता थांबतो, आणि खरी गरज तेव्हाच सुरू होते. मग श्रावणबाळ मिळेल असं पुष्कळ जणी धरून चालतात. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढं महिन्याला 1500 रुपये मिळतात हे बरोबर, पण तिथं कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत लागतं. लाडक्या बहिणीला ही मर्यादा अडीच लाखांची आहे. म्हणजे आज ज्यांना हप्ता मिळतो त्यातल्या कितीतरी जणी उद्या दोन्हीकडून सुटणार. पासष्टीच्या आतल्या निराधार विधवेसाठी संजय गांधी योजना आहे, तिथंही अट 21 हजारांचीच. आमच्या मते ही अट फार जुन्या काळातली आहे. पण आज ती आहे, आणि ती धरूनच हिशेब करायला हवा.

म्हणून आज येणाऱ्या 1500 मधले थोडे म्हातारपणासाठी बाजूला पडले पाहिजेत. चाळिशीच्या आतल्या सुनांसाठी अटल पेन्शन योजना आहे. 18 ते 40 वयात खातं काढायचं, साठीनंतर दरमहा 1000 ते 5000 पेन्शन. तिशीत सुरू केलं तर 1000 च्या पेन्शनसाठी महिन्याला 116 रुपये पडतात, 5000 साठी 577. चाळिशीला सुरू केलं तर त्याच 5000 साठी 1454 रुपये. तिशी आणि चाळिशीतला फरक बघा! आणि हेही सांगतो, आजचे हजार रुपये तीस वर्षांनी हजारासारखे राहणार नाहीत. झेपत असेल तर मोठ्या पेन्शनचं खातं काढा.

पैसा असून हातात नाही, हीही एक सवय आहे. पासबुक नातवाकडे, एटीएम कार्ड नातवाकडे, पिन त्याच्याच मोबाइलमध्ये. बँक मित्राच्या मशीनवर बोट ठेवायचं आणि तो देईल तेवढे पैसे घेऊन यायचं. असं करू नका. बोट ठेवलं की पावती मागा, किती निघाले आणि किती उरले ते तिथंच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातली मैत्रीण सोबत न्या.

आता घरातल्या एका सवयीबद्दल. सासवांना सगळेच सांगतात, सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसू नका, तोंड आवरा, राम राम म्हणा. आम्हाला हा सल्ला अर्धवट वाटतो. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, खातं नाही, तिची सत्ता आयुष्यभर एकाच जागी चालली, चुलीपाशी. वरणात मीठ किती आणि तेलाची कुपी दिवसाला किती रिकामी होते, यावरच तिचं राज्य. ते राज्य ती सहज कसं सोडेल? आम्ही पाहिलं आहे, जिच्याकडे स्वतःचं काही आहे ती लवकर मोकळी होते. मग ते फार मोठं असायला नको. दोन शेळ्या असोत, सांदवाडीतली वांगी-सांभार असो, उन्हाळ्यातल्या मुगवड्या-कुरडयांचे चार पैसे असोत. सून काय शिजवते ते मग ती सुनेवर सोपवते. तेव्हा सुनांनो, सासूच्या शेळीचे पैसे घरखर्चात ओढू नका. पुढं घरातली शांतता त्यातूनच मिळणार आहे.

शरीराच्या सवयींवर थोडक्यात बोलू, कारण आरोग्यावर वेगळं बोलणं होणार आहे. सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि उरलंसुरलं खायचं, ही सवय पन्नाशीनंतर गुडघ्यात आणि कमरेत दिसते. दुसरी सवय खर्ऱ्याची. आपल्या भागात बायाही खातात, लपून खातात, निंदणाच्या ओळीत एकमेकींना देतात. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी. आधी तिखट लागत नाही, तोंडाची आग होते. मग तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर आजच आरोग्य केंद्रात दाखवा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, पण तिथवर जायची वेळच येऊ नये.

राहिली संगत. तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या रूपानं आपल्या विदर्भाला सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं. देवाचं नाव होतंच, पण आज कोण आलं नाही हेही कळतं. जपानमध्ये ओकिनावा नावाचं बेट आहे, तिथली माणसं दीर्घायुषी म्हणून जगभर ओळखली जातात. तिथं मोआय नावाची पद्धत आहे. चार-सहा मैत्रिणी ठरावीक दिवशी जमतात, थोडे थोडे पैसे काढतात, आळीपाळीनं एकीला देतात, आणि हे म्हातारपणापर्यंत चालतं. म्हणजे आपली भिशीच की! फरक एवढाच, त्या म्हाताऱ्या बाईला गटातून काढत नाहीत. आपल्याकडे साठी झाली, कर्ज फेडायची ताकद राहिली नाही, की "आता सुनेचं नाव टाका" म्हणतात. सुनेचं नाव वेगळं टाका, आजीला बसू द्या. उमेदमध्ये वृद्ध महिलांचा वेगळा गटही करता येतो. आणि मैत्रिणींकडे जायला एसटी आहे. 2023 च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढं तर तिकीटच नाही. आधार कार्ड सोबत ठेवायचं.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. प्रत्येकीनं घरच्या शेताचा सातबारा, घराचा नमुना 8 आणि आपलं पासबुक घेऊन यायचं. सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो, सेतूवाला काढून देतो. गटात ज्या दोघी-तिघी वाचतात त्यांनी एकेकीचा कागद मोठ्यानं वाचायचा, कोणाचं नाव आहे, वारसदार कोण लावला आहे. ज्यांना शेत नाही त्यांनी नुसता नमुना 8 आणि पासबुक आणायचं. एसडीओ साहेबांच्या अर्जाबद्दल विचारायचं असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा फुकटचा नंबर आहे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी बैठकीत सांगा, तिथूनच लावू.