चेन नव्हे, रनर!



शाळा उघडायला आता थोडेच दिवस उरलेत. माळ्यावरची दप्तरं खाली आली असतील, घड्या घालून ठेवलेले रेनकोट उलगडले गेले असतील, आणि बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येत असेल : "अगं, याची चेन गेलीय, नवीनच घेऊ आता." माझं सांगणं असं, की गेलेली असते ती बहुतेक वेळा चेन नव्हेच. गेलेला असतो चेनवरून वरखाली सरकणारा तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. दुकानात त्याला रनर म्हणतात.

लक्षण ओळखायला सोपं आहे. रनर सरकतो अगदी झोकात, पण त्याच्या मागे दाते उघडेच राहतात. किंवा बंद होतात आणि दप्तर पाठीवर टाकताच मधूनच फाकतात. आता सगळे दाते जागच्या जागी आहेत का, ते पाहा. असतील, तर दोष रनरचा.

असं का होतं? धातूच्या चेनचा एकेक दाता नीट निरखला, तर त्याच्या एका अंगाला बारीक उंचवटा दिसतो आणि दुसऱ्या अंगाला खळगा. खालच्याचा उंचवटा वरच्याच्या खळग्यात बसतो, आणि समोरासमोरच्या दोन रांगा एकमेकींना धरून राहतात. ही रचना येण्याआधी अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ साली आकडे आणि कड्या जोडणाऱ्या सरकत्या बंदाचं पेटंट घेतलं होतं, पण तो बंद वेळी-अवेळी उघडायचा. मूळचे स्वीडनचे अभियंते गिडियन संडबॅक यांनी १९१३ मध्ये आकडे काढूनच टाकले आणि ही उंचवटा-खळग्याची रचना आणली. आज आपण वापरतो ती धातूची चेन मुळात तीच.

म्हणजे दाते आपणहून काहीच करत नाहीत. त्यांना ठरावीक कोनात वळवून एकमेकांत दाबून बसवायचं काम सगळं रनरचं. त्याला पुढच्या बाजूला दोन तोंडं असतात, मागे एकच. दोन तोंडांतून दोन रांगा आत शिरतात आणि मागच्या अरुंद तोंडातून जुळून बाहेर पडतात. दप्तर ठासून भरायचं आणि मग चेन ओढायची, हे रोज झालं की रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमधली फट केसभर वाढते. तेवढंच पुरतं. दाब सुटला, की दाते जुळत नाहीत.

उपाय त्याच फटीवर करायचा. रनर चेन उघडी असते त्या टोकाला नेऊन ठेवा. घरातली साधी पक्कड घ्या आणि रनरच्या मागच्या बाजूची, म्हणजे एका तोंडाकडची, एक कड हलकेच दाबा. मग दुसरी कड. चेन लावून पाहा. नाही जमलं तर आणखी किंचित. इथे जोर दाखवायचा नाही. पुष्कळ रनर जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात. ते वाकण्याआधी तुटतात. आणि फार दाबला तर रनर सरकायचाच बंद होतो. हे काम घाईच्या वेळी, शाळेची रिक्षा दारात उभी असताना करू नये.

दाबूनही काम झालं नाही, तर रनर बदलायचा. जुना पालथा करून पाहा. मागे बहुधा एक आकडा कोरलेला असतो : ३, ५, ८, १०. बंद चेनच्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी त्यावरून कळते. नायलॉनच्या चेनचा रनर वेगळा, धातूच्या चेनचा वेगळा. आकडा तोच असला तरी एकाचा दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून शिवणाचं सामान विकणाऱ्या दुकानात जाताना दप्तर सोबत घेऊनच जावं. दप्तराची चेन जिथून बंद व्हायला सुरुवात होते, त्या टोकाची शिवण दोन बोटं उसवा, जुना रनर काढा, आणि नव्याच्या दोन तोंडांत चेनच्या दोन पट्ट्या सारख्या सरकवा. एक पट्टी पुढे आणि एक मागे राहिली, तर बंद केल्यावर दप्तर एका बाजूला ओढलं जातं. मग टोक पुन्हा जाड दोऱ्याने घट्ट शिवून टाका.

रनर सरकताना अडत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्याच्या दमट हवेत धातूचे दाते खराब होतात. जुन्या टूथब्रशने ते घासा, मग दात्यांवरून पेन्सिलीचं शिसं फिरवा. नायलॉनच्या चेनला मेणबत्तीचा तुकडा घासला तरी पुरतो. खोबरेल तेल मात्र लावू नका. कपड्याला डाग पडतो आणि धूळ चिकटून चेन दुप्पट अडते.

चेन खरोखरच गेली असं कधी म्हणायचं? मधले दाते तुटले किंवा पट्टीच फाटली तर. नायलॉनच्या चेनची वेटोळी इस्त्रीने वितळली असतील, तरीही. तिथे कारागिराकडेच जावं.

आता बटणांबद्दल. नव्या शर्टाच्या बटणामागे लोंबणारा दोरा ओढायची पुष्कळांना सवय असते. कारखान्यात बटणं बहुधा साखळीटाक्याच्या यंत्रावर लावतात, आणि त्या टाक्याचं एक टोक सापडलं की सगळा टाका सरसर उसवतो. दोरा ओढू नका, कात्रीने कापा. त्याहून बरं म्हणजे मागून सुईने दोन टाके घाला. बटण नव्याने लावताना कापड आणि बटण यांच्यामध्ये एक काडी धरावी, टाके झाले की ती काढावी आणि सुटलेल्या दोऱ्याभोवती दोरा गुंडाळून बटणाला छोटा देठ करावा. काजाच्या कापडाला त्यामुळे जागा मिळते आणि टाक्यांवर ताण येत नाही. चार भोकांचं बटण असेल, तर दोन-दोन भोकं वेगळ्या गाठीने शिवा; एक गाठ सुटली तरी बटण रस्त्यात हरवत नाही.

ब्लाउजच्या हुकाचं तोंड उघडलं असेल, तर चिमट्याने दाबलं की झालं. गंजलेला हूक मात्र काढूनच टाका, त्याचे डाग निघता निघत नाहीत. टिचबटण सैल झालं, तर ज्या अर्ध्या भागावर टोक असतं त्यावर हातोडीने अगदी हलका ठोका द्या. टोक जरा पसरतं आणि पुन्हा 'टिच्' वाजू लागतं. वेल्क्रोत अडकलेले केस आणि धागे सुईने काढा, आणि कपडा धुताना वेल्क्रो बंद ठेवा.

दप्तराच्या पट्ट्याची प्लॅस्टिकची क्लिप तुटली, की घरात पहिला हात फेव्हिक्विककडे जातो. त्याचा उपयोग होत नाही. या क्लिपा ज्या प्लॅस्टिकच्या असतात, त्याला गोंद सहसा धरतच नाही, आणि धरला तरी पहिल्या झटक्याला सुटतो. पट्ट्याची रुंदी मोजा आणि त्याच मापाची नवी क्लिप आणा.

यातलं घरी काही जमलं नाही, तरी हरकत नाही. बाजारात, स्टेशनाबाहेर, छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करणारे कारागीर अजून बसतात. त्यांच्याकडे गेलात, तर "चेन बदलून द्या" असं म्हणू नका. आधी विचारा, "नुसता रनर बदलून भागेल का?" आणि हे जूनच्या आधी करा; पहिला पाऊस पडला, की त्यांच्यापुढे छत्र्यांचा ढीग लागतो आणि तुमच्या दप्तराचा नंबर आठवड्यानंतर येतो.