दहा माणसं, एकशे दहांचं काम

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माणसांचं काम कमी करणारे प्रोग्राम लिहितो. म्हणूनच आज पोर्ट्समथच्या गोदीची गोष्ट सांगतो.

नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश आरमाराला शिडांच्या दोरांसाठी दरवर्षी लाखभर लाकडी कप्प्या लागत. एका मोठ्या युद्धनौकेलाच जवळपास हजार. मार्क ब्रुनेल यांनी यंत्रांची रचना केली, हेन्री मॉडस्ली यांनी ती घडवली. १८०८ मध्ये तिथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ११० कुशल कारागिरांचं काम आता १० साधे मजूर करू लागले.

यंत्रांनी घाऊक उत्पादन करण्याचा हा सुरुवातीचा मोठा प्रयोग. तो घडवला युद्धाच्या गरजेने.

आरमाराचा पैसा वाचला, ब्रुनेलना मोबदला मिळाला. त्या कुशल कारागिरांचं काय? पुढचा प्रोग्राम लिहिताना हा प्रश्न आपण आधी विचारू या.